कारवानचं पिल्लू लातूरकडून आणलं, ब्रीडरचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यात आमचं वावर. रोही न डुकरं तुरीत घुसली की गावातल्या पोरांना शिकारी कुत्रं आठवते, कारवान ही तशीच सडपातळ, जोरात पळणाऱ्या शिकारी कुत्र्याची जात, मग कुठूनतरी "ओरिजनल कारवान" म्हणून पिल्लू आणतात, ना लस ना कागद, ते पार्वोनं (पिल्लांना होणारा जीवघेणा रोग) जाते नाहीतर मोठं झाल्यावर गावठी निघते. गावठी कुत्रं वाईट नाहीच, पण मग कारवानचे पैसे कायचे घेता बाप्पा. मी लातूरकडच्या एका ब्रीडरकडून घेतलं, पिल्लू आता दीड वर्षाचं झालं म्हणून लिहितो.

पहिल्या फोनवर ब्रीडरनं किंमत सांगितलीच नाही. उलट मलाच विचारत बसला, कुंपण कसलं आहे, करंट सोडता का, कुत्रं दिवसभर साखळीला राहणार का, घरी लहान पोरं आहेत का. आणि डुकरावर सोडायला पाहिजे असेल तर देत नाही म्हणे, सरळ. बरोबरच आहे त्याचं, 1972 च्या वन्यजीव कायद्यात जनावराच्या मागे कुत्रं पळवणं हे शिकारीतच धरलं आहे, सशामागे सोडलं तरी केस होऊ शकते, आणि डुकराच्या सुळ्यानं पोट फाटलेलं कुत्रं ज्यानं पाहिलं त्याला वेगळं सांगायची गरज नाही.

तिथं गेलो तर पिल्लाच्या आधी आई दाखवली. कुत्री शांतपणे येऊन हात हुंगून गेली, भुंकली नाही, दबली पण नाही. मला पिल्लापेक्षा हेच जास्त आवडलं, कारण भित्र्या आईची पिल्लं बहुतेक भित्रीच निघतात. बाप दुसऱ्या गावचा होता, दोघांचे केनेल क्लबचे वंशावळीचे कागद समोर ठेवले, तीन पिढ्यांत तेच ते नाव येत नाही, म्हणजे जवळच्या नात्यात पैदास नाही, हे बोट ठेवून दाखवलं. दीड वर्षाच्या आत मादी भरवत नाही आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू देत नाही, 2017 च्या ब्रीडिंग नियमात हेच आहे पण पाळते कोण. निघताना एक गोष्ट वहीत लिहूनच दिली, की ऑपरेशनची वेळ आली तर डॉक्टरला आधी सांगा हे हाऊंड म्हणजे पळणारं शिकारी कुत्रं आहे, अंगावर चरबी नसते, भुलीची काही औषधं यांना लवकर उतरत नाहीत. आमच्या तालुक्याच्या डॉक्टरांनी ती वही नीट वाचली.

आता खेळाचं. जनावरामागे सोडायचं नाही म्हणून आम्ही कुत्र्याला दोरीनं ओढलेल्या पन्नीमागे पळवतो, याला लूर कोर्सिंग म्हणतात. गाडीच्या जुन्या स्टार्टर मोटरवर दोरीची चकरी, बारा व्होल्टची बॅटरी, शेतात खुंट्यांना पुल्या आणि दोरीला पांढरी प्लास्टिकची पन्नी, ती जमिनीलगत सुसाट पळते आणि कुत्रं मागे. यांची शिकार नाकावर नाही, नजरेवर चालते, म्हणून पन्नी हलली की कान मागे, मान लांब, आणि चारही पाय जमिनीवरून सुटतात, पाहणाऱ्याचा श्वास अडकते! ब्रीडरनं सांगितलं होतं की वर्षाच्या आत जोरात वळवायचं नाही, हाडं पक्की नसतात, आधी फक्त सरळ पळवायचं. ते आम्ही पाळलं. हरभरा निघाल्यावर मोकळ्या वावरात सकाळी सहालाच पळवतो, कारण इकडं मार्चपासूनच ऊन चढते. दोरीजवळ पोरांना उभं राहू देऊ नका, पळती दोरी पायाला लागली की कातडं कापते.

कमी काय वाटलं तर कागद माझ्या नावावर व्हायला फार महिने लागले आणि दर वेळी मीच फोन करायचा. गोचिडाच्या तापाबद्दल त्यानं काही सांगितलं नव्हतं, आमच्याकडं पावसाळ्यात तोच मोठा धोका, ते डॉक्टरांकडून कळलं. त्याचा पत्र्याचा शेड पण उन्हाळ्यात तापत असेल, वर पऱ्हाटी (कापसाच्या वाळल्या काड्या) टाकायला पाहिजे.

15 हजार घेतले. वर्षाला एकच वेत काढते, त्यामुळं नंबर लावून थांबावं लागते, आणि परत द्यायची वेळ आली तर कुठं सोडू नका, माझ्याकडंच आणा असं त्यानं लिहून घेतलं आहे.