अनरॅव्हल मी : पहिल्या भागापेक्षा दुसरा भारी

ताहेरे माफीचं 'शॅटर मी' मागच्या उन्हाळ्यात वाचलं होतं, तेव्हापासून हा दुसरा भाग पाहिजेच होता. २०१३ मधलं पुस्तक आहे, पण आमच्या गावात पार्सल येत नाही, कुरिअरवाल्यानं दोनदा 'पत्ता सापडला नाही' करून परत पाठवलं, मग बाबा तालुक्याला सरकी विकत आणायला गेले तेव्हा घेऊन आले.

ज्यांनी पहिला वाचला नाही त्यांच्यासाठी, ज्युलिएट नावाची सतरा वर्षांची पोरगी, तिनं नुसता हात लावला तरी समोरच्याचा जीव जाऊ शकते. २६४ दिवस तिला एकटीला कोंडून ठेवलेलं. या भागात ती जमिनीखालच्या ओमेगा पॉइंटमध्ये, म्हणजे बंडखोरांच्या लपायच्या तळावर आहे, तिथं सगळेच असे, कोणी अदृश्य होते, कोणी हात न लावता वस्तू हलवते, दोन जुळ्या बहिणी जखमा भरतात. अन् तिथंही लोक तिच्यापासून दूरच बसतात, हे वाचून खरंच पोटात तुटलं.

वेचणीचे दिवस होते. दिवसभर कापूस वेचून बोंडाच्या टोकांनी बोटं सोलून निघतात, रात्री माय खोबरेल तेल गरम करून माझ्या हाताला चोळून देते, मी दुसऱ्या हातानं पुस्तक धरून वाचून राहिली होती. अन् त्या पोरीला आयुष्यात असा हात कोणी लावलाच नाही. तिथं मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसली.

तिचं ज्याच्यावर प्रेम आहे तो ॲडम तिला हात लावू शकते हे पहिल्या भागातून माहीत होतं, पण का लावू शकते ते इथं कळते, अन् तिथंच प्रेमाचं घोडं पेंड खाते. ज्युलिएट त्याच्या भल्यासाठी मागं सरकते, ते मला पटलं. तिला ताब्यात ठेवणारा लष्करी अधिकारी वॉर्नर पहिल्या भागात नुसता दुष्ट वाटला होता, इथं त्याचा बाप पाहिल्यावर तो असा कसा झाला ते समजते. त्यानं केलेलं माफ होत नाही, पण बासष्टावा चॅप्टर वाचताना माझा कंदील विझला तरी मोबाईलच्या टॉर्चवर पूर्ण केला, लाईन नव्हती.

सगळ्यात आवडला केंजी, ओमेगा पॉइंटमधला तिचा मित्र. ज्युलिएट सुरुवातीला खूपच रडते, शंभरेक पानं तेच ते, थोडं कंटाळवाणं होते, मग केंजी तिला सरळ सुनावते की बस झालं आता, उठ. असा मित्र पाहिजे बाप्पा.

इंग्रजी जरा वेगळी आहे, एकच शब्द पुन्हा पुन्हा येते, वाक्यं मधेच तुटतात, पहिल्या भागात खोडलेली वाक्यं खूप होती ती इथं कमी आहेत. डिक्शनरी जवळ ठेवा, दहा-वीस पानांनी सवय होते. पहिला भाग वाचल्याशिवाय मात्र हात लावू नका, काहीच समजणार नाही. माझी कॉपी आता मावसबहिणीकडे गेली आहे, तिची झाली की कोणाला पाहिजे असेल तर सांगा.