सोलरला जोड म्हणून तांब्याचा बंब घेतला, वर्षभर वापरून सांगतो

सोलापुरात बंब कशाला, इथं मे महिन्यात टाकीतलंच पाणी अंगावर घेता येत नाही, असं मित्र हसला. खरंय ते. पण पावसाळ्यात आभाळ चार-चार दिवस उघडत नाही तेव्हा गच्चीवरचं १०० लिटरचं सोलर नुसतं शोभेला असतं, आणि गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत पहाटे पहिला उठणारा माणूस सगळं गरम पाणी संपवून जातो (आमच्याकडं तो माणूस म्हणजे वडील). गिझर आहे, पण बोअरचं पाणी इतकं जड की दोनदा कॉइल बदलली, दुसऱ्यांदा क्षाराचा थर बघून मेकॅनिकच म्हणाला, बंब घ्या की.

बाजारात मधला मारुतीला भांड्यांच्या दुकानांत दोन संध्याकाळी घातल्या. स्टीलचा स्वस्त, तांब्याचा किलोवर. स्टीलचा एक थेट टाकीला जोडायचा होता, दिसायला झकास, पण वाफ बाहेर जायला नळीच दिसेना, विचारलं तर म्हणे काही होत नाही. काही होत नाही कसं, वाफ कोंडली तर बंबाचा बॉम्ब व्हायचा, तिथूनच निघालो.

शेवटी तांब्याचा २० लिटरचा घेतला, वरून पाणी ओतायचा, सैल झाकणाचा. मी बाहेरचं तांबं ठोकून बघत होतो तर आई म्हणाली, अरे आत हात घाल. मधली नळी जाड पाहिजे, आग तिथं लागते आणि पातळ असली की तीच आधी जाते. खालची जाळी सुटी निघते का तेपण बघा, राख साचली की वारा लागत नाही, मग नुसता धूर.

जळणाचं म्हणाल तर शेतातल्या तुराट्या पेटायला एक नंबर पण भुरकन जातात, सारखं घालत बसावं लागतं. वाळलेली वेडी बाभूळ किलोभर घातली की अर्ध्या-पाऊण तासात पाणी कढत. तेवढ्याच पाण्याला गिझर साधारण १ युनिट खातो, त्यामुळं वखारीतून लाकूड विकत आणून जाळणार असाल तर काही वाचत नाही बगा, आमचं जळण शेतातून फुकट येतं म्हणून परवडतं. फ्लॅटवाल्यांनी तर नादच करू नये. बाथरूममध्ये पेटवायचा तर विचारपण नको, बंद जागेत धुरानं माणूस जातो. आमचा मागच्या अंगणात आहे, तरी वारं फिरलं की शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साड्यांवर काजळी, म्हणून आता सहाच्या आत पेटवून मोकळं होतो.

तोटी पहिल्याच आठवड्यात ठिबकायला लागली, दुकानात नेला तर म्हणे वापरून वापरून बसेल. कशाची बसतीय, बाहेरून वायसर टाकून घेतला. एकदा पोरानं पाणी न भरताच पेटवला, तळाचा डाग (झाळलेला सांधा) सुटला, तो खर्च आमच्या चुकीचा, दुकानाचा नाही. घासायला चिंच-मीठ, आणि घासायचा कुणी यावर घरात दर रविवारी वाद.

वडील मात्र आता सोलर तापलेलं असलं तरी बंबच पेटवायला लावतात. त्या पाण्याला धुराचा वास येतो म्हणून मी नाक मुरडतो, त्यांना तोच पाहिजे असतो.