डीएनए किट: आठ महिन्यांनंतर

आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले ते गेलेच. घरात एवढंच माहीत. पुढचं शोधायला किट मागवलं, त्याला आता आठ महिने झाले.

बापाकडची ओळ वाय क्रोमोसोमवरून लागते, म्हणून थुंकी पुरुषाचीच हवी. आप्पांना, म्हणजे चुलत्यांना, बसवलं. आधी अर्धा तास तोंडात काही नको. चहा सोडला, पण तंबाखू? "माझ्याच आज्जासाठी थुकायचं, मग तंबाखूनं काय बिघडतंय?" पहिली नळी बाद. दुसरीचे पैसे कंपनीनं वेगळे घेतले, तो राग अजून आहे.

अहवालात रंगीत नकाशा आणि 'दक्षिण आशियाई'. हे तर रंकाळ्यावरचा भेळवालाही फुकट सांगेल! नाव-गाव डीएनएत नसतंच. आपल्याशी जुळणाऱ्या दुसऱ्या कुणी चाचणी केली असेल तरच धागा लागतो. आपल्याकडे करतंय कोण? जनगणनेतही आकडे मिळतात, माणसं नाहीत. 1948 च्या कायद्यानं घराघरातली माहिती गोपनीय आहे.

खरं काम झालं ते युद्धात गेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या फुकटच्या साइटवर. बसरा स्मारकावर चाळीस हजारांवर सैनिकांची नोंद आहे, त्यांचं थडगं कुठं ते माहीत नाही. स्पेलिंग फिरवून फिरवून पणजोबांच्या नावाचे दोघे मराठा पलटणींत सापडले. एक 1916 ला गेला, दुसरा नोव्हेंबर 1918 ला. गाव दोघांच्याही पुढे नाही.

मग माळ्यावरचा शेताचा मोडी कागद काढला. मोडीत आधी ओळभर रेघ मारतात आणि खाली अक्षरं लोंबकळवतात, शब्द कुठं संपला ते कळतच नाही. वाचून द्यायला एक निवृत्त मास्तर मिळाले. त्यांचं बोट एका जागी थांबलं: पणजीचं नाव, वारस म्हणून, फसली (जुनं महसुली साल) 1327. त्यात 590 मिळवायचे, म्हणजे 1917-18. आणि हे साल जूनपासून जूनपर्यंत चालतं. नोव्हेंबर 1918 चा माणूस गळाला. 1916 चा आमचा असावा. शंभर टक्के म्हणणार नाही, पण आप्पांनी त्या तारखेला नैवेद्य ठेवायचं ठरवलंय.

किटला दोन तारे. त्यातला एक गडहिंग्लजकडच्या जुळणीसाठी: 71 सेंटिमॉर्गन (दोघांचा डीएनए किती जुळतो ते मोजायचं माप), म्हणजे तीन-चार पिढ्यांमागे कुठंतरी एकच घर. निरोप पाठवलाय. तीन महिने झाले, उत्तर नाही.