अनोळखी एंट्री आणि बँकेची डिस्प्यूट सर्व्हिस: फोनवरची माणसं उत्तम, ॲप अर्धवट

कार्डच्या मागच्या स्टेटमेंटमध्ये दोन एंट्री अशा होत्या की काही केल्या आठवेना कुठल्या, नाव म्हणजे नुसती कॅपिटल अक्षरं एकमेकांना चिकटलेली, शेवटचा शब्द मध्येच तुटलेला आणि पुढे अशा शहराचं नाव जिथे मी कधी पाऊलही टाकलं नाही. छातीत धस्सच झालं. बँकेचं नाव लिहीत नाही, पण दोन्ही एंट्रींसाठी त्यांची डिस्प्यूट सर्व्हिस, म्हणजे व्यवहाराबद्दल तक्रार करायची सोय, वापरून झालीय म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी ॲप. एंट्रीवर टॅप केलं की रक्कम, तारीख आणि परत तेच तुटकं नाव, बस्स. हेल्पलाइनवरच्या मॅडमनी नंतर समजावलं की नावाला जागाच जेमतेम 22-25 अक्षरांची असते आणि तिथे बरेचदा दुकानाचं नाव नसतंच, त्यामागच्या कंपनीचं असतं नाहीतर पेमेंट गेटवेचं, म्हणजे दुकानासाठी ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीचं, आणि शहर म्हणजे त्यांचं ऑफिस जिथे असेल ते. ठीक आहे, पण धंदा कसला आहे त्याचा 4 अंकी कोड प्रत्येक व्यवहारासोबत बँकेकडे येतो, मग तो ॲपमध्ये दाखवायला काय हरकत आहे? नुसतं "सॉफ्टवेअर" एवढं लिहिलेलं दिसलं असतं तरी माझा अर्धा जीव भांड्यात पडला असता.

दुसरी आणि मोठी तक्रार बटणाची. "ओळखता येत नाही" असा पर्यायच नाही, एकच बटण, "हा व्यवहार मी केलेला नाही". ते दाबलं की फ्रॉड धरून कार्ड ब्लॉक, नवीन नंबरचं कार्ड, आणि जिथे जिथे ऑटो-पे जोडलंय तिथे सगळं पहिल्यापासून. मी दाबणारच होते, तेवढ्यात नवरा म्हणाला, "अगं थांब, आधी मेलमध्ये रक्कम टाकून शोध." नावाने शोधून काही मिळालं नव्हतं, पण रक्कम दशांशासकट टाकली आणि पहिलाच मेल समोर आला, मुलीच्या ड्रॉइंगच्या ॲपची फ्री ट्रायल संपून वर्षाची फी कापली गेली होती. म्हणजे ते फ्रॉड नव्हतंच. कंपनीला लिहिलं, सबस्क्रिप्शन बंद केलं, त्यांनी रिफंड पाठवला म्हणून कळवलं पण आठवडा झाला तरी खात्यात दिसेना. मग त्यांच्याकडून 23 अंकी एआरएन नंबर, म्हणजे रिफंड कुठपर्यंत पोचलाय ते शोधायचा नंबर, मागून घेतला, तो बँकेला सांगितल्यावर दोन मिनिटांत रिफंड कुठे अडकलाय ते सापडलं. हा नंबर प्रत्येकाने मागायलाच हवा, नुसत्या "पाठवलाय" वर विसंबू नका.

दुसरी एंट्री मात्र खरंच आमच्यापैकी कोणाची नव्हती. रक्कम अगदी किरकोळ, सोडून दिली असती तरी चाललं असतं असं वाटण्याएवढी. मॅडम म्हणाल्या, "सोडू नका, कार्ड चालू आहे का हे बघायला आधी अशी छोटी रक्कम कापून बघतात." फोन चालू असतानाच त्यांनी कार्ड ब्लॉक केलं, तक्रार नंबर दिला, माझ्याकडून परत वाचून घेतला, आणि मी घाबरलेय हे ओळखून एकदाही घाई केली नाही. इतक्या आपुलकीने कोणी बोललं की खरंच धीर येतो.

नंतरचं मात्र रखडलं. 9 व्या दिवशी पैसे परत जमा झाले, मला वाटलं विषय संपला, पण ते तात्पुरते होते, चौकशीत निकाल दुकानदाराच्या बाजूने लागला तर परत कापले जातात, हे मेसेजमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं. ॲपमध्ये महिनाभर एकच ओळ, "प्रक्रिया सुरू आहे". 41 व्या दिवशी केस बंद झाली, पैसे कायमचे माझे.

आणि उशीर करू नका, कार्ड नेटवर्कच्या (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे) नियमात बऱ्याच तक्रारींना 120 दिवस असतात पण बँकेची स्वतःची मुदत त्याहून बरीच कमी असू शकते, ती आधी विचारून घ्या.

फोनवरच्या लोकांना 5 पैकी 5, ॲपला 2. फोन सकाळी लवकर करा, दुपारी मला 25 मिनिटं होल्डवर थांबावं लागलं होतं.