वाशीचा बोर्डगेम कॅफे: बंदुका नेऊ की तलवारी?

वाशी स्टेशनजवळच्या एका बोर्डगेम कॅफेत रविवारी वॉरहॅमर ४०,००० (टेबलावर छोट्या सैनिक-मूर्तींच्या फौजा लढवायचा खेळ) खेळून आलो, टेबल मोठं, त्यावर खेळातल्या पडक्या इमारती भरपूर आणि तिथेच माझी वाट लागली कारण मी सगळी आर्मी शूटिंगची नेलेली. २४ इंच रेंज असून काय उपयोग, भिंतीआडचं काही दिसेचना! मित्राचे टायरनिड (परग्रहावरच्या राक्षसी प्राण्यांची फौज) आडोशाने सरकत आले नि तिसऱ्या टर्नला थेट अंगावर. पण चार्जवर, म्हणजे असं धावून अंगावर जाण्यावर, आंधळा भरवसा नको हां, ९ इंच धावायचं तर दोन फाशांवर मिळून ९ तरी पडायला हवेत, म्हणजे ३६ पैकी १० वेळाच, त्याचे दोन चार्ज तसेच फुकट गेले. इमारती कमी करून मागितल्या तर देतात, मग शूटिंगवाल्यांची मजा. चहा पाणचट, एसी नावाला. तरी ४ स्टार.