जामठ्यासाठी भाड्याने घेतलेली लेन्स

नागपूरच्या सीताबर्डीतील एका जुन्या कॅमेरा दुकानातून मी गेल्या हिवाळ्यात निकॉनची २००-५०० मिलिमीटरची लेन्स भाड्याने घेतली होती. हे परीक्षण त्या लेन्सचे थोडे आणि दुकानाच्या भाडेसेवेचे अधिक आहे. दुकानाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे दोन तक्रारी आहेत आणि मालकांनी त्या समोरासमोर ऐकून घेतल्या आहेत.

माझा व्यवसाय लग्नसमारंभांच्या छायाचित्रणाचा. अकरा वर्षे मंगलाष्टकांच्या वेळी अक्षतांच्या माऱ्यात उभे राहून फोटो काढले. पण मनात कायम नागपूरबाहेरचे जामठ्याचे क्रिकेट मैदान होते. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ या तीन हंगामांत रणजी करंडक जिंकला आणि त्यांतील शेवटचे दोन अंतिम सामने जामठ्यातच झाले. ते दोन्ही मी प्रेक्षकांत बसून पाहिले आणि दोन्ही वेळा माझे अर्धे लक्ष सीमारेषेबाहेर लेन्स रोखून बसलेल्या छायाचित्रकारांकडे होते. त्यामुळे पुण्यातील एका नियतकालिकाने रणजी सामन्याच्या पहिल्या दोन दिवसांचे काम देऊ केले, तेव्हा मानधनाचा आकडा न विचारताच मी होकार दिला. मग घरी येऊन पाहिले, तर हाताशी निकॉनची डी५०० ही बॉडी, म्हणजे लेन्सविना नुसता कॅमेरा होता आणि सर्वांत लांब पल्ल्याची लेन्स ७०-२०० मिलिमीटरची होती.

अडचण नेमकी किती मोठी होती, हे साध्या गणिताने कळते. सीमारेषेबाहेरून फलंदाज साधारण ७५ मीटर दूर असतो. तेवढ्या अंतरावर या बॉडीला २०० मिलिमीटरवर जवळजवळ नऊ मीटर रुंदीची चौकट मिळते, म्हणजे फलंदाज, यष्टिरक्षक, स्लिपमधले क्षेत्ररक्षक आणि भरपूर गवत. ५०० मिलिमीटरवर तीच चौकट साडेतीन मीटर रुंद आणि सव्वादोन मीटरहून किंचित अधिक उंच होते. त्यात बॅट उगारलेला फलंदाज व्यवस्थित बसतो. ती लेन्स विकत घेणे या हंगामात शक्य नव्हते, म्हणून भाड्याचाच मार्ग उरला.

मुंबई-पुण्याहून कुरिअरने लेन्स मागवण्याचा सल्ला अनेकांनी दिला. भाडे तिकडे थोडे कमी पडले असते. परंतु लेन्स सामन्याच्या आदल्या संध्याकाळी हाती आली असती आणि माझ्या दृष्टीने तो धोका भाड्यातील बचतीपेक्षा मोठा होता. बर्डीच्या दुकानदारांचाही आग्रह हाच होता. मी फक्त सामन्याच्या दोन दिवसांसाठी लेन्स मागितली, तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, पहिले दोन-तीन दिवस पोरांच्या क्रिकेटवर हात बसवा, मंग जामठ्याला जा. सरावाच्या दिवसांचं भाडं अर्धंच घेतो." ही सवलत त्यांनी आपणहून दिली. आधार कार्डाची प्रत आणि २५,००० रुपयांची अनामत घेऊन त्यांनी माझ्यासमोर टॉर्चच्या उजेडात पुढची-मागची काच दाखवली, लेन्सच्या पायावरचा जुना ओरखडा पावतीवर लिहिला आणि मगच पेटी माझ्या हवाली केली. लग्नाच्या कामासाठी मी याआधीही इतरत्र सामान भाड्याने घेतले आहे. इतकी काटेकोर पावती कोठेही मिळाली नव्हती.

लेन्स आधी ताब्यात असण्याचा लाभ पहिल्याच दिवशी दिसला. वीस मीटरवर तिरकी ठेवलेली मोजपट्टी टिपून पाहिली असता फोकस सातत्याने थोडा मागे पडत होता. यात दोष ना लेन्सचा ना बॉडीचा. प्रत्येकीच्या जडणघडणीत सूक्ष्म फरक असतो आणि एखाद्या जोडीत ते फरक एकाच बाजूला साठतात. डी५०० मध्ये हा फरक उणे २० ते अधिक २० या पट्टीवर दुरुस्त करून त्या लेन्सपुरता जतन करून ठेवता येतो. माझ्या जोडीला उणे ६ लागले. मात्र झूम लेन्ससाठीही कॅमेरा एकच आकडा ठेवतो, म्हणून मी ती दुरुस्ती ५०० मिलिमीटरवर केली आणि २०० ची बाजू सोडून दिली. ही चाचणी सामन्याच्या सकाळी करता आली नसती.

पुढचे दोन दिवस रेशीमबागच्या मैदानावर गेले. तेथे टेनिस बॉलने खेळणाऱ्या मुलांनी पहिल्या तासाभरात माझ्या एका गैरसमजाला छेद दिला. सेकंदाला दहा चित्रे काढणारा कॅमेरा हाती असला, की बटण दाबून धरले तरी चेंडू आणि बॅटचा क्षण सापडेल, असे मला वाटत होते. प्रत्यक्षात ताशी १३० किलोमीटर वेगाचा चेंडू दोन चित्रांच्या मधल्या काळात साडेतीन मीटरहून अधिक पुढे निघून जातो. तो क्षण बोटाच्या अंदाजानेच पकडावा लागतो. शटरचेही तसेच आहे. १/५०० सेकंदात हा चेंडू जवळपास स्वतःच्या व्यासाइतका सरकतो आणि चित्रात लाल फराटा उमटतो. १/२००० वर हे सरकणे दोन सेंटिमीटरच्या आत येते. लग्नात १/२०० वर रुळलेल्या हाताला ही सवय लावणे सोपे नव्हते.

आता तक्रारी. लेन्स आणि बॉडी मिळून वजन तीन किलोंच्या वर जाते, त्यामुळे मी दुकानातूनच मोनोपॉड, म्हणजे कॅमेऱ्याचा एका पायाचा टेकूही घेतला. त्याची खालच्या नळीची पकड सैल होती आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी सगळे सामान बोटभर खाली उतरत होते. लेन्सची काच टॉर्चने तपासणाऱ्या दुकानाने मोनोपॉड एकदाही उघडून पाहू नये, हे मला अनाकलनीय वाटले. शेवटी मी नळीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आवळून बांधला आणि त्याच अवस्थेत तो जामठ्याला नेला. दुसरी तक्रार पैशांची आहे. सामान सकाळी अकराच्या आत परत केले नाही तर अर्ध्या दिवसाचे जादा भाडे लागते, हा नियम मला परत करतानाच कळला. पावतीवर जुन्या ओरखड्याला जागा मिळते, तर या नियमालाही मिळायला हवी होती.

लेन्सचा पल्ला वाढवणारा जोड, म्हणजे टेलिकन्व्हर्टर देण्यास मात्र त्यांनी नकार दिला, तो योग्यच ठरला. १.४ पटीचा कन्व्हर्टर लावल्यावर लेन्सचे छिद्र एफ ५.६ वरून एफ ८ वर जाते (एफचा आकडा मोठा, तितका प्रकाश कमी) आणि डी५०० च्या १५३ फोकस बिंदूंपैकी केवळ १५ कामाचे उरतात. भाडे बुडवून असा सल्ला देणारा दुकानदार विरळाच.

सामन्याविषयी थोडक्यात सांगायचे, तर दुपारी चारपर्यंत लेन्सने कोठेही निराश केले नाही. त्यानंतर हिवाळ्याचे ऊन झपाट्याने उतरते आणि एफ ५.६ ला आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता चढवण्यावाचून पर्याय राहत नाही. म्हणूनच लाल चेंडूच्या दिवसा होणाऱ्या सामन्यासाठी मी ही लेन्स निःशंकपणे सुचवीन. प्रकाशझोतातील सामन्यासाठी चौपट प्रकाश आत घेणारी एफ २.८ ची लेन्स हवी आणि ती या दुकानात नाही. जाण्यायेण्याबाबत एक व्यावहारिक सूचना अशी, की मेट्रोने खापरीपर्यंत जाऊन पुढे ऑटो केल्यास एवढी जड पेटी दुचाकीच्या हादऱ्यांपासून वाचते.

शनिवारी दुपारी सामान परत केले. मालकांनी पुन्हा टॉर्च काढला, काच पाहिली, आणि लेन्सच्या पट्ट्यावरचा लालसर डाग बोटाने घासून वास घेतला. शुक्रवारी सकाळी घाईत खाल्लेल्या तर्री पोह्यांचा तो रस्सा होता, हे मला कबूल करावे लागले. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. अर्ध्या दिवसाचे जादा भाडे कापून अनामत तेथेच परत दिली आणि सायकलच्या ट्यूबसकट मोनोपॉड दुरुस्तीच्या खणात ठेवला.