गाजर: रस, कोशिंबीर, भाजी की कॅप्सूल?

केशरी गाजराच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ८ मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन (शरीर ज्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं ते केशरी रंगद्रव्य) असतं, पण ते पेशींच्या भिंतीआड स्फटिकरूपात अडकलेलं. भिंत फुटून ते तेलात विरघळलं आणि पित्तरसाने त्याचे सूक्ष्म थेंब केले, तरच आतडं ते उचलतं. त्यामुळे गाजर किती खाल्लं याआधी ते कसं केलं हे बघावं.

गाळलेला रस सगळ्यात तोट्याचा: बराचसा रंग चोथ्यात जातो, आणि स्निग्धांश जवळजवळ नाहीच. कच्च्या चकत्यांचंही तेच, कितीही चावल्या तरी पुष्कळ पेशी अखंडच राहतात.

कोशिंबीर करायची तर बारीक किसणीवर किसा. त्यात मोठा चमचाभर दाण्याचं कूट (स्निग्धांश सुमारे ४ ग्रॅम) आणि वरून फोडणी. एका जेवणात ३ ते ५ ग्रॅम स्निग्धांश पुरतो. वाटीभर तूप ओतून काही जास्त मिळत नाही. तरी आमचा कौल भाजीला. झाकण ठेवून मऊ शिजवलं की भिंती सैल होतात. शिजताना थोडं कॅरोटिन नासतं, पण वाढलेलं शोषण ते भरून काढतं. करपवलं तर मात्र नाही.

हिवाळ्यातल्या लाल गाजराचा रंग मुख्यतः लायकोपीन या लाल रंगद्रव्याचा. त्यापासून अ जीवनसत्त्व बनत नाही, म्हणून हलव्याचं गाजर आणि केशरी गाजर एका मापाने मोजू नका.

पपईत कॅरोटिन गाजरापेक्षा खूपच कमी, पण शोषायला सोपं.

कागदावर कॅप्सूल जिंकते: १ मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्वासाठी तेलात विरघळवलेलं बीटा कॅरोटिन २ मायक्रोग्रॅम पुरतं, अन्नातलं १२ लागतं. पण १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधल्या चाचणीत रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन घेणाऱ्या, सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त आढळला. धूम्रपान करणाऱ्यांनी हा पर्याय सरळ खोडावा.

अन्नातून आलेल्या कॅरोटिनने अ जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही, कारण शरीरातला साठा भरलेला असला की आतडं त्याचं रूपांतर कमी करतं. रूपांतर न झालेलं कॅरोटिन यकृतात, चरबीत आणि त्वचेत साठतं. रोज ढीगभर गाजरं खाणाऱ्याचे तळहात म्हणूनच पिवळे पडतात. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच असेल तर काही आठवडे गाजर कमी करा, रंग उतरतो. डोळेही पिवळे दिसले तर ती कावीळ असू शकते; लगेच डॉक्टरांकडे जा.